पाइपची घडण आणि हत्यारांची निगा

तंबाखूच्या पाइपवर व्याख्यान आहे असे कळल्यावर काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही गृहीत धरूनच बोलत आहोत. तेव्हा एक खुलासा आधीच केलेला बरा. तंबाखूची तरफदारी आम्हांला करावयाची नाही. १९५० साली इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनिशी दाखवून दिला, त्याला आता पाऊणशे वर्षे झाली. पाइपचा धूर छातीत ओढला नाही तरी ओठ, जीभ व घसा यांना तो सोडीत नाही, हेही आता सिद्ध झालेले आहे. आपला आजचा विषय पाइप ओढण्याचा नसून पाइप घडविण्याचा आहे. जुन्या तलवारींच्या पोलादाचा अभ्यास करणारा मनुष्य काही लढाईवर निघालेला नसतो. तसेच हे समजावे.

मग इतक्या वस्तू सोडून पाइपच का? कारण असे की, घरच्या पडवीत, एका बाकावर, मोजक्या हत्यारांनी करता येण्याजोगी ही वस्तू मुठीत मावते, पण कारागिराची जेवढी परीक्षा ती घेते तेवढी एखादे मोठे कपाटही घेत नाही. कपाटाच्या फळीला चूक झाली तर पाचर मारता येते. पाइपमध्ये जी चूक होते ती आत होते, डोळ्यांना दिसत नाही आणि दुरुस्त होत नाही. पाइप ही कोरीव वस्तू आहे असे पाहणाऱ्याला वाटते, कारण त्याची नजर बाहेरच्या चकाकीवर जाते. खरे पाहता पाइप म्हणजे एकमेकांना अचूक ठिकाणी भेटणारी दोन भोके होत. बाहेरचे लाकूड हे त्या भोकांचे वेष्टण आहे, इतकेच.

भोकाचे हे महत्त्व आम्ही उगाच वाढवून सांगत नाही. १६व्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडात पांढऱ्या मातीचे पाइप होऊ लागले. ते इतके ठिसूळ असत की, जुन्या वस्त्यांच्या उत्खननात त्यांच्या नळ्यांचे तुकडे ढिगांनी सापडतात. १९५४ साली जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने अशा तुकड्यांची भोके मोजली. मोजमाप इंचाच्या चौसष्टाव्या भागात केले होते. त्याला आढळले ते असे : १६२० ते १६५० या काळातील बहुतेक नळ्यांचे भोक ८ चौसष्टांश इंच होते, पुढे ते टप्प्याटप्प्याने कमी होत गेले, आणि १७५० ते १८०० या काळात बहुतेकांचे ४ चौसष्टांश इंचांवर आले. १९६२ साली लुइस बिनफर्ड याने यावरून गणिताचे सूत्रच बसविले. मडक्यावरची नक्षी नाही, नाणे नाही, शिलालेख नाही. केवळ नळीच्या भोकावरून वस्तीचा काळ ठरू लागला. आजही हे मोजावयास साधी ड्रिलची पाती पुरतात. कारागिराचे हत्यार इतिहासकाराच्या हाती गेल्याचे असे उदाहरण विरळाच.

आपल्याकडची चिलीम सर्वांच्या पाहण्यातली आहे. ती सरळ नळी. वर रुंद, खाली निमुळती. तंबाखू खाली घसरू नये म्हणून आत खडा टाकतात आणि खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळतात. धुराचा मार्ग एकच असल्यामुळे चुकण्याजोगे फारसे काही उरत नाही. पाइपची गोष्ट निराळी. त्यात वरून खाली जाणारी वाटीची पोकळी आणि आडवी येणारी धुराची वाट, असे दोन मार्ग आहेत. त्यांची भेट वाटीच्या तळाशी, नेमकी मध्यावर व्हावी लागते. वाटीला जोडलेल्या लाकडी भागाला आपण दांडा म्हणू आणि दातांत धरावयाच्या काळ्या नळीला तोंडी म्हणू. तोंडीच्या टोकाला बारीक कूस असते, सुतार दाराच्या चौकटीला करतात तशीच, पण गोल. ती दांड्याच्या भोकात घट्ट बसते. एवढे चार भाग ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सगळे समजते.

आता लाकडाविषयी. चांगले पाइप ब्रायरचे होतात. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठावरील डोंगराळ मुलखात वाढणारे एक झुडूप. शास्त्रीय नाव एरिका आर्बोरिया. इटलीतील कालाब्रिया, कॉर्सिका, ग्रीस, अल्जीरिया येथले ब्रायर प्रसिद्ध आहे. पाइपला उपयोग होतो तो त्याच्या खोडाचा नव्हे, फांदीचा नव्हे. खोड आणि मुळे यांच्या मध्ये, जमिनीत जो गाठाळ गड्डा वाढतो त्याचा. त्या रानांना वणवे लागतात. वरचे झुडूप जळून गेले तरी या गड्ड्यातून ते पुन्हा फुटते. थोडक्यात, आगीतून वाचण्यासाठीच निसर्गाने तो राखलेला साठा आहे, आणि माणसाने त्यातच निखारा ठेवला!

हा गड्डा कामाजोगा व्हावयास पुष्कळदा तीस ते साठ वर्षे जातात. खणून काढल्यावर तो ओला ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो. मग करवतीने त्याचे ठोकळे पाडतात आणि ते मोठ्या तांब्याच्या हंड्यांत बारा तास किंवा त्याहून अधिक उकळतात, म्हणजे त्यातला चीक व तुरटपणा निघून जातो. त्यानंतर कित्येक महिने, चांगले कारखानदार तर वर्षानुवर्षे, ते सावलीत वाळवितात. फ्रान्समधील जुरा पर्वतातले सें-क्लोद हे गाव या धंद्याचे माहेरघर. तेथले लेथकाम करणारे कारागीर पूर्वी यात्रेकरूंसाठी लाकडी जपमाळा व मूर्ती करीत. १९व्या शतकाच्या मध्यास ब्रायर तेथे पोचले आणि जपमाळांचे हात पाइपांकडे वळले.

हा सगळा पसारा सांगण्याचे कारण एकच. अशा ठोकळ्यावर बोथट पाते लावले आणि ते अर्ध्या मिनिटात तिरके गेले, तर आपण एक लाकडाचा तुकडा वाया घालवीत नाही; अर्ध्या शतकाची वाढ, कोणा अनोळखी खणणाऱ्याची मेहनत आणि वर्षभराची वाळवण वाया घालवितो. म्हणूनच ज्यांना हा नाद लावून घ्यावयाचा असेल त्यांनी पहिली वीस-पंचवीस भोके आपल्याकडच्या वाळलेल्या बाभळीत पाडावीत. बाभूळ कठीण आहे, स्वस्त आहे, आणि हाताची परीक्षा चांगली घेते. त्या सरावाच्या तुकड्यांतून धूर मात्र काढू नये. शिसवीच्या मोहात पडणारे पुष्कळ आहेत, पण शिसवीच्या भुशाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते व श्वास लागतो. ती शोभेच्या कड्यापुरती ठेवावी.

ठोकळा हाती आल्यावर पहिले हत्यार उचलावयाचे ते पेन्सिल व गुण्या. ठोकळ्याच्या बाजूवर पाइपची पूर्ण बाजूची आकृती, आतल्या भोकांसकट, खऱ्या मापाने काढावी. साधारण मापे अशी : वाटीच्या पोकळीचा व्यास १९ मिलिमीटर, खोली ३५ ते ४० मिलिमीटर, धुराची वाट ४ मिलिमीटर, कूस बसावयाचे भोक ८ मिलिमीटर. पोकळीखाली निदान ६ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहिले पाहिजे, नाहीतर तळ लवकर जळून जातो. या रेषा ठोकळ्याच्या माथ्यावर आणि दांड्याच्या तोंडावरही वळवून आणाव्यात. पाते लाकडात शिरल्यावर दिसणार नाही. दिसतील त्या रेषाच.

मग कूस बसावयाचे भोक आणि धुराची वाट ही दोन्ही, ठोकळा एकदा पकडल्यावर मुळीच न हलविता, एकापाठोपाठ पाडावीत. सरळ पाइपमध्ये ही दोन्ही एकाच अक्षावर असली पाहिजेत. मध्ये ठोकळा सोडून पुन्हा पकडला, की ती एका अक्षावर राहिली आहेत हे कोणीही छातीवर हात ठेवून सांगू नये. चार मिलिमीटरचे लांब पाते लवचीक असते. ब्रायरमध्ये अधूनमधून वाळूचा कण किंवा लहानशी पोकळ खळी लपलेली असते. तिला लागून पाते वाकते आणि सोपी वाट धरते. यास्तव आरंभीची खूण आखूड, जाड पात्याने करावी, दाब हलका ठेवावा आणि दर पाच-सात मिलिमीटरला पाते बाहेर काढून भुसा झटकावा. भुसा अडकला की पाते घासते, तापते, आणि वाटेच्या भिंती आतल्या आत करपतात. तो करपट वास पुढे महिनोन् महिने जात नाही. खोलीसाठी पात्यावर रंगीत चिकटपट्टीची खूण करावी. अंदाजावर जाऊ नये.

वाटीची पोकळी पाडण्यासाठी बाजारात मिळणारे चपटे पाते घेऊन ते आपल्याला हव्या त्या गोलाईत घासून तयार करणे हा घरगुती कारागिराचा राजमार्ग आहे. तळ वाटोळा हवा, चमच्याच्या टोकासारखा. पात्याला दोन धारा असतात आणि दोन्ही तंतोतंत सारख्या असाव्या लागतात. एक धार केसभर पुढे असली तर सगळे काम तीच करते, दुसरी नुसती फिरते. पाते थरथरते, भोक मोठे होते, भिंतीवर लाटा उमटतात. साध्या पिळाच्या पात्याचेही हेच आहे. त्याच्या टोकाचा कोन बहुधा ११८ अंशांचा असतो आणि टोक दोन्ही धारांच्या बरोबर मध्ये असावे लागते. पत्र्याचा एक तुकडा त्या कोनात कापून माप म्हणून टांगून ठेवला म्हणजे धार लावताना दर वेळी ताडून पाहता येते.

हे चपटे पाते सावकाश फिरवीत खाली न्यावयाचे, आणि त्याच्या गोल तळाने आधी पाडलेली धुराची वाट अलगद उघडावयाची. एक मिलिमीटर खोल गेले तर वाट तळाच्या वर राहते, आणि खाली ओलसर चिखल साचत राहतो. एक मिलिमीटर वर राहिले तर वाट तळाखाली गाडलेली राहते. कौशल्य म्हणतात ते या एका मिलिमीटरमध्ये असते.

येथे डेन्मार्कच्या कारागिरांचा उल्लेख केलाच पाहिजे. कोपनहेगनमध्ये सिक्स्टन इव्हारसन (१९१०–२००१) या मूळच्या स्वीडिश कारागिराने पाइपांच्या दुरुस्तीपासून आरंभ केला. जुन्या पाइपांची पोटे उघडून पाहिल्यावर ते कोठे बिघडतात हे त्याला चांगले कळले असणार. कारखान्याची रीत अशी की, ठरलेल्या आकाराच्या भोकांभोवती लाकूड कापावयाचे, मग रेषा कशाही जावोत. इव्हारसनने ती उलटी केली. आधी लाकडाच्या रेषा पाहून बाहेरचा आकार घडवावयाचा आणि मग त्या आकाराला शोभतील अशी भोके पाडावयाची. त्याचा मुलगा लार्स व नात नाना याही पुढच्या पिढ्या याच धंद्यात आल्या. या रीतीने पाइप सुंदर होतात यात शंका नाही. पण नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आकार घडलेल्या लाकडाला धरावयास सपाट बाजू राहत नाही आणि भोक चुकले तर भोकाबरोबर आकारही जातो. चौकोनी ठोकळ्यात आधी भोके, मग आकार, हीच घरची रीत.

आता हत्यारांकडे वळू, कारण वर जे जे सांगितले त्या सर्वांचे मूळ तेथे आहे. आपल्या भाषेत हत्याराला पाणी देतात. उतारवयातल्या माणसाचे पाणी उतरले असेही आपण म्हणतो. ते रूपक लोहाराच्या भट्टीतून आलेले आहे. साध्या कार्बनी पोलादाचे पाते तापू लागले की त्याच्या घासलेल्या पृष्ठावर रंग चढतात. २३० अंश सेल्सियसच्या आसपास वाळल्या गवताचा पिवळा, पुढे तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास गर्द निळा. तो निळा रंग धारेपाशी दिसला की समजावे, तेवढ्या भागाचे पाणी गेले. त्या जागी पुन्हा कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. निळा भाग पूर्ण घासून टाकून मागच्या चांगल्या पोलादावर यावे लागते. विजेच्या चाकावर पाते घासताना हे दोन-तीन सेकंदांत घडते, कारण टोकाला धातू पातळ असतो आणि उष्णतेला पळावयास जागा नसते. म्हणून चाकाजवळ पाण्याचे भांडे हवे, आणि बोटाला चटका बसण्याच्या आत पाते पाण्यात गेले पाहिजे. हातमोजे घालून धार लावणारा मनुष्य ही सूचना देणारे बोटच झाकून बसतो.

हाय-स्पीड पोलादाची गोष्ट वेगळी. बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात टेलर आणि व्हाइट यांनी ते सिद्ध केले, आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात, टोक लाल झालेले असताना लोखंड कापीत राहिलेली हत्यारे पाहून लोक थक्क झाले. हे पोलाद साधारण ५५० अंशांपर्यंत कठीणपणा सोडीत नाही. त्याचे पाते निळे दिसले म्हणून घाबरू नये. उलट ते तापलेले असता थंड पाण्यात बुडवू नये, सूक्ष्म तडे जाण्याचा संभव असतो. आपल्या जवळचे पाते कोणत्या पोलादाचे आहे हे आधी जाणून घ्यावे. चपटी पाती पुष्कळदा साध्या पोलादाची असतात.

धारेच्या चाकाविषयी दोन शब्द. नवे चाक बसविण्यापूर्वी ते बोटावर तोलून धरून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. कुंभारवाड्यात मडके घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसेच. खणखणीत वाजले तर धड. बद्द वाजले तर आत तडा आहे, आणि असे चाक वेगात फुटले म्हणजे प्राणावर बेतते. टेकण आणि चाक यांमध्ये तीन मिलिमीटरहून अधिक फट नको. चाकाच्या बाजूवर घासू नये. डोळ्यांवर चष्मा हवा, हे सांगावयास नकोच, पण आम्ही सांगतो.

चाकावरून आलेली धार ही अर्धी धार. निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, पाते फिरविल्यावर धारेच्या पाठीमागे एक पातळ वळलेली कड उमटते. ती नखाला लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली असे समजावे, आणि ती कड काढल्याखेरीज हत्यार वापरू नये. काढण्याचा उत्तम उपाय न्हाव्यापाशी आहे. चामड्याच्या पट्ट्यावर पाते मागे ओढावयाचे, धारेच्या उलट दिशेने, आठ-दहा वेळा. निसण्याला मध्ये खड्डा पडू देऊ नये. सपाट काचेवर पाणी व पॉलिशपेपर ठेवून तो अधूनमधून सरळ करावा. खड्डा पडलेल्या दगडावर सरळ धार लागत नाही, मग हात कितीही सरावलेला असो. सायकलवर चाक घेऊन फिरणारे धारवाले कात्र्या-सुऱ्यांचे काम छान करतात, पण पाइपचे पाते त्यांच्या हाती देण्यात अर्थ नाही. त्यांना त्या गोलाईचे माप ठाऊक असण्याचे कारण नाही.

कानशीइतके हाल दुसऱ्या कोणत्याही हत्याराचे होत नसतील. कानस ही शेकडो लहान पटाश्यांची फौज आहे, हे लोक विसरतात आणि दहा कानशी एका डब्यात खडखडत टाकतात. दात दातांवर आपटून बोथट होतात. प्रत्येक कानशीला कापडाचा वेगळा कप्पा शिवावा. घरातल्या जुन्या सतरंजीचे काम होते. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. म्हणून मागे आणताना ती उचलून घ्यावी. दातांत खडूची पूड चोळून ठेवली तर एबनाइटचा व लाकडाचा कीस अडकत नाही. अडकलाच तर तारेच्या ब्रशाने दातांच्या दिशेने काढावा, आडवा घासू नये. पोलादावर फिरलेली कानस पुन्हा लाकडावर आणू नये आणि मुठीशिवाय कानस हाती धरू नये. तिचे मागचे टोक तळहातात घुसते. कानशीला तेलही लावू नये, कारण तेलात भुसा कालवून दातांत लापशी होते. बाकीच्या पात्यांना मात्र पावसाळ्यात, विशेषतः कोकणात व मुंबईत, यंत्राच्या तेलाचा पातळ हात दिलाच पाहिजे, नाहीतर आषाढ संपावयाच्या आत धारेवर तांबेरा बसतो. काम सुरू करण्यापूर्वी ते तेल पूर्ण पुसावे. ब्रायर तेल शोषून घेते आणि त्याचा वास परत देत नाही.

तोंडी एबनाइटची करतात. रबरात गंधक घालून तापविण्याची रीत चार्ल्स गुडइयरने १८३९ साली शोधली आणि गंधकाचे प्रमाण पुष्कळ वाढवून कठीण रबर करण्याचे पेटंट त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१ साली घेतले. हे कठीण रबर दातांना मऊ लागते, कानशीने छान कापते, आणि गरम हवेत किंवा उकळत्या पाण्यात वाकते. वाकविताना आत पाइप-क्लीनर, म्हणजे सुताने मढविलेली लवचीक तार, घालून ठेवावी, म्हणजे भोक चेपत नाही. या द्रव्याचा एक स्वभाव मोठा गमतीचा आहे. वाकवून थंड केलेली तोंडी पुन्हा तापविली की ती आपली मूळची सरळ अवस्था आठवते आणि सरळ होते! उन्हात ठेवली तर मात्र गंधक वर येते आणि काळ्या रंगावर मातकट हिरवट छटा चढते. पाइप खिडकीत मांडू नयेत, ते यामुळे.

कुशीची लांबी हा आणखी एक न दिसणारा भाग. कूस दांड्याच्या भोकाच्या तळाला जवळजवळ टेकली पाहिजे. मध्ये फट राहिली तर धूर तेथे घुटमळतो, थंड होतो आणि पाणी धरतो. कुशीचे टोक आतून किंचित नरसाळ्यासारखे रुंद करावे. तोंडी आणि दांडा यांचा सांधा घासताना दोन्ही जोडूनच घासावीत आणि पॉलिशपेपर नुसत्या बोटाने न धरता लाकडी पट्टीवर गुंडाळून धरावा. नुसत्या बोटाने सांध्याच्या कडा गोल होतात आणि तेथे नखाला पायरी लागते.

पॉलिशविषयी फार बोलण्याची गरज नाही, कारण ते सर्वांना आवडते आणि सर्वजण शिकतातच. कागद २२० नंबरापासून ६०० किंवा ८०० पर्यंत, एकही पायरी न गाळता. मध्ये एकदा पाण्याचा हात देऊन लाकडाचे उभे राहिलेले तंतू खाली घासावेत. स्पिरिटातला रंग आधी लावला म्हणजे राहिलेले ओरखडे काळे होऊन चुगली करतात. शेवटी कार्नोबा मेण, जे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळते, ते कापडी चाकावर. चाकाच्या खालच्या अर्ध्यावरच पाइप धरावा, नाहीतर चाक तो हिसकावून भिंतीवर मारते. वाटीच्या आत रंग वा मेण जाता कामा नये. आत लेप द्यावयाचा असेल तर ताकात बारीक शुद्ध कोळशाची पूड कालवून तो देतात व दोन-तीन दिवस वाळू देतात. परदेशी कारागिरांची ही कृती ऐकून आमच्याकडील गृहिणींना हसू येईल, पण ती चांगली चालते.

ब्रायरमधल्या खळ्या घासता घासता वर येतात. लहान खळी लाखेने बुजवून वर रंग देणारे कारागीर आहेत. गिऱ्हाइकाला सांगून केले तर त्यात गैर नाही. न सांगता केले तर ती लबाडी होय. आल्फ्रेड डनहिलने १९१७च्या सुमारास वाळूचा झोत मारून मऊ रेषा खोदण्याची रीत काढली, तीत पृष्ठभाग उघडपणे खडबडीत होतो आणि काही लपवावे लागत नाही. त्या पाइपांची वाखाणणी झाली, याचे श्रेय काही अंशी या प्रामाणिकपणाला द्यावे असे आम्हांला वाटते.

भुशाबद्दल मात्र गंभीरपणे बोलले पाहिजे. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाची गणना निश्चितपणे कर्करोगकारक पदार्थांत केली. एबनाइटच्या भुशात गंधक असते. नाकावर रुमाल बांधल्याने बारीक भुसा अडत नाही. चांगला मुखवटाच हवा. काम घराच्या माजघरात न करता उघड्या पडवीत करावे आणि झाडण्यापूर्वी भुशावर पाणी शिंपडावे. मुलांना जवळ बसवून घेऊ नये. ती हौसेने बसतात, म्हणून तर सांगावे लागते.

पाइप तयार झाला की पेटविण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावयाची. तोंडी जागेवरच असू द्यावी. पाइप-क्लीनर तोंडीतून आत सरकवावा. तो कुशीपाशी अडखळला तर दोन भोकांचे अक्ष जुळलेले नाहीत. न अडखळता गेला आणि वाटीत डोकावल्यावर त्याचे टोक तळाशी, अगदी मध्यावर दिसले, तर भोके भेटली. मग रिकाम्या पाइपमधून हवा ओढून ऐकावे. आवाज येता कामा नये. शिट्टीसारखा येत असेल तर कूस आखूड पडली आहे, आणि त्यावर इलाज एकच : एबनाइटचा नवा तुकडा घेऊन तोंडी पहिल्यापासून करावयाची.